क्रीडा-सट्ट्याची परिभाषा कशी वाचावी

क्रीडा-सट्ट्यावरचे एखादे विश्लेषण वाचायला घेतले की पहिल्या दोन-तीन ओळींतच हँडिकॅप, ओव्हरराउंड, स्टीम, ले, पुश असे शब्द एकामागून एक येतात, आणि खेळ उत्तम समजणाऱ्या वाचकालाही पुढचे काही उमगेनासे होते. या शब्दांच्या याद्या पाठ करून फारसे साधत नाही. त्यांतला जवळपास प्रत्येक शब्द पैशाच्या एखाद्या हिशेबाचे टोपणनाव असतो आणि तो हिशेब एकदा कागदावर करून पाहिला की नाव आपोआप ध्यानात राहते. पैज लावणे अनेक देशांत बेकायदा आहे, तर काही देशांत परवान्याच्या अटींनी बांधलेले आहे; येथे पैज लावण्याचा सल्ला दिलेला नाही, वाचलेल्या मजकुराचा अर्थ नेमका लागावा एवढाच हेतू आहे.

सुरुवात भावापासून

इंग्रजीत ज्याला ऑड्स म्हणतात त्याला आपण भाव म्हणू. भाव लिहिण्याच्या तीन पद्धती जगभर रूढ आहेत. दशांश पद्धतीत २.५० असा भाव दिसला तर १०० लावून पैज जिंकल्यास २५० हाती येतात. त्यांत आपलेच १०० परत आलेले असतात, म्हणजे नफा १५०. ब्रिटनमधील अपूर्णांक पद्धतीत हाच भाव ६/४ असा लिहितात, आणि तेथे पहिला आकडा केवळ नफ्याचा असतो: ४ लावल्यास ६ नफा. या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देऊन ३/२ लिहिण्याची पद्धत नाही, ही घोड्यांच्या शर्यतींतून आलेली जुनी सवय आहे. म्हणूनच १००/३० असे गणिताच्या शिक्षकाला खटकणारे भाव आजही दिसतात. अमेरिकी पद्धतीत अधिक चिन्ह असेल तर १०० लावल्यावर किती नफा होईल ते सांगितलेले असते आणि उणे चिन्ह असेल तर १०० नफ्यासाठी किती लावावे लागतील ते. त्यामुळे +१५० म्हणजे वरचाच २.५०, आणि −२०० म्हणजे १.५०.

पद्धत कोणतीही असो, भाव दिसताक्षणी त्याचे टक्केवारीत रूपांतर करण्याची सवय लावून घ्यावी. दशांश भावाने १०० ला भागले की ती टक्केवारी मिळते: २.५० म्हणजे ४० टक्के, १.५० म्हणजे ६६.७ टक्के. हिला भावात गृहीत धरलेली संभाव्यता म्हणतात. जिंकल्यावर लावलेल्या रकमेपेक्षा कमी नफा देणाऱ्या भावाला ऑड्स-ऑन म्हणतात आणि नफा तितकाच असेल तर ईव्हन्स. भाव ‘शॉर्ट’ झाला म्हणजे कमी झाला, अर्थात त्या संघाच्या जिंकण्याची शक्यता बाजाराला वाढलेली दिसते. भाव ‘ड्रिफ्ट’ झाला म्हणजे याच्या उलट. नवख्या वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो, कारण भाव ‘वाढला’ की त्या संघाची किंमतही वाढली असे त्याला वाटते.

बुकीचा हिस्सा कोठे दडलेला असतो

फुटबॉलच्या एका सामन्याचे कल्पित भाव घेऊ: यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६०. टक्केवारी काढली तर अनुक्रमे ४७.६, २९.४ आणि २७.८ येते, आणि बेरीज १०४.८ होते. तीन शक्यतांपैकी एकच घडणार असल्याने खरी बेरीज १०० च्या पुढे जाऊ शकत नाही, वरचे ४.८ हे बुकीचे मार्जिन, आणि त्यालाच ओव्हरराउंड म्हणतात. सगळ्या बाजूंवर त्या-त्या प्रमाणात पैसे आले तर निकाल काहीही लागो, जमा रकमेतील सुमारे ४.६ टक्के बुकीकडे उरतात.

अमेरिकेत याच हिश्श्याला विगोरिश, थोडक्यात विग, किंवा ज्यूस म्हणतात. तेथे दोन्ही बाजूंना −११० असा भाव देण्याची पद्धत आहे. म्हणजे १०० मिळवण्यासाठी ११० लावायचे. या भावाची टक्केवारी ५२.३८ येते, आणि म्हणूनच सट्ट्यावरील लिखाणात हा आकडा वारंवार भेटतो: या भावाने पैजा लावणाऱ्याला केवळ तोटा टाळण्यासाठीच दर १०० पैजांपैकी ५२ हून अधिक जिंकाव्या लागतात. निम्म्याहून थोड्या अधिक पैजा जिंकणारा माणूस स्वतःला यशस्वी समजत असतो आणि त्याचे पैसे मात्र हळूहळू कमी होत असतात, ते या सुमारे २.४ टक्क्यांच्या पट्ट्यात.

टोट किंवा पॅरिम्युच्युअल ही पद्धत याहून वेगळी आहे. तिची कल्पना १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी रूढ केली. तिच्यात सगळ्यांचे पैसे एका निधीत जमा होतात, आयोजक आपला वाटा आधी काढून घेतो आणि उरलेली रक्कम विजेत्यांत वाटली जाते. साहजिकच पैज लावताना दिसणारा भाव अंदाजी असतो. तो ठरतो पैसे घेणे बंद झाल्यावर.

हँडिकॅप, हूक आणि पाव गोल

एक संघ फारच बलवान असेल तर निव्वळ विजयावरची पैज, जिला अमेरिकेत मनीलाइन म्हणतात, कोणालाच आकर्षक वाटत नाही. तेव्हा बलवान संघाच्या गुणांतून काही गुण कागदोपत्री वजा केले जातात. हे हँडिकॅप, अमेरिकेत पॉइंट स्प्रेड किंवा नुसते ‘लाइन’. ही पद्धत १९४० च्या दशकात रुजवण्याचे श्रेय सामान्यतः शिकागोचे चार्ल्स मॅकनील यांना दिले जाते, जे काही काळ गणित शिकवत असत. −६.५ असे लिहिलेला संघ ७ किंवा अधिक गुणांनी जिंकला तरच त्याच्यावरची पैज जिंकते, आणि तेव्हा त्या संघाने लाइन ‘कव्हर’ केली असे म्हणतात. लाइन पूर्णांकात असेल आणि फरक नेमका तेवढाच निघाला तर पैसे परत मिळतात, तो पुश. हे टाळण्यासाठी जोडलेल्या अर्ध्या गुणाला हूक म्हणतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये सामन्यांचे निकाल ३ आणि ७ गुणांच्या फरकाभोवती दाटतात, कारण फील्ड गोलचे ३ गुण असतात आणि टचडाउन व त्यानंतरची किक मिळून ७. म्हणून ३ आणि ३.५ यांतल्या अर्ध्या गुणाला जे मोल आहे ते ४.५ आणि ५ यांतल्या अर्ध्या गुणाला नाही.

लाइन सरकते तेव्हा काय होते याचा गाजलेला नमुना १९७९ च्या सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा आहे. पिट्सबर्ग स्टीलर्सच्या बाजूने लाइन ३.५ गुणांवर उघडली होती, त्यांच्यावर पैसे येत गेल्याने ती ४.५ वर नेली गेली, आणि मग डॅलस काउबॉइजवर पैसे येऊ लागले. सामना स्टीलर्सनी ३५-३१ असा, म्हणजे बरोबर ४ गुणांनी जिंकला. आधी ३.५ ला स्टीलर्सवर लावणारे जिंकले आणि नंतर ४.५ ला काउबॉइजवर लावणारेही जिंकले. बुकींना दोन्हीकडे पैसे मोजावे लागले. दोन लाइनींच्या मधल्या या फटीला मिडल म्हणतात, आणि ती जाणूनबुजून साधण्याला मिडलिंग.

फुटबॉलमधील एशियन हँडिकॅप वाचताना बहुतेकांची गाडी पाव गोलावर अडते. −०.७५ असा हँडिकॅप कोणत्याही सामन्यात प्रत्यक्ष घडू शकत नाही. तो दोन पैजांचा संक्षेप आहे, निम्मी रक्कम −०.५ वर आणि निम्मी −१ वर. समजा, भाव १.९० आहे, १०० लावले आहेत आणि संघ एका गोलाने जिंकला. −०.५ वरचे ५० जिंकून ९५ झाले, −१ वरच्या ५० चा पुश होऊन ते जसेच्या तसे परत आले. एकूण १४५ हाती, नफा ४५. दोन गोलांनी जिंकला असता तर नफा पूर्ण ९० झाला असता, आणि बरोबरी झाली असती तर सगळेच गेले असते. −०.२५ हे याच रीतीने ० आणि −०.५ यांत विभागावे. यांतल्या शून्य हँडिकॅपचेच दुसरे नाव ड्रॉ नो बेट.

ओव्हर-अंडर म्हणजे एकूण धावा, गोल किंवा गुण ठरावीक आकड्याच्या वर जातील की खाली राहतील यावरची पैज. त्यात समजावून सांगण्यासारखे फारसे काही नाही. क्रिकेटमध्ये ठरावीक षटकांतल्या धावांवर चालणारे ‘सेशन’ हा याचाच एक प्रकार.

जोड-पैजांची विचित्र नावे

अनेक सामन्यांचे भाव एकमेकांशी गुणून लावलेल्या पैजेला ब्रिटनमध्ये ॲक्युम्युलेटर, लाडाने ‘अका’, आणि अमेरिकेत पार्ले म्हणतात. तिच्यातला प्रत्येक सामना म्हणजे एक ‘लेग’, आणि एक लेग हरला की सगळे संपले. जाहिरातींत या पैजांना सर्वांत मोठी जागा का मिळते, ते हिशेब केल्यावर दिसते. समसमान संधी असलेल्या चार सामन्यांचा रास्त भाव प्रत्येकी २.००, म्हणजे गुणाकार १६. बुकी प्रत्येकी −११०, म्हणजे साधारण १.९१ देतो आणि गुणाकार १३.२८ वर येतो. एका सामन्यात बुकीचा हिस्सा शंभरामागे साडेचार होता, तो चार लेग जोडताच सरासरीने १७ झाला.

सर्व निवडींवर एकच पैज लावण्याऐवजी त्यांचे सगळे गट पाडले की नावांची जत्रा भरते. तीन निवडींचे तीन डबल (दोन-दोन निवडींच्या जोड-पैजा) आणि एक ट्रेबल (तिन्हींची) मिळून चार पैजा होतात, ती ट्रिक्सी. त्यांत तीन एकेरी पैजा मिळवल्या की सातांचे पेटंट. चार निवडींच्या अकरा पैजा म्हणजे यँकी, आणि एकेरी चार धरून लकी फिफ्टीन. सहा निवडींतून ५७ पैजा निघतात, म्हणून तिला ‘५७ प्रकार’ अशी जाहिरात करणाऱ्या खाद्यपदार्थांच्या कंपनीवरून हाइन्झ हे नाव पडले. आठ निवडींच्या २४७ पैजांना गोलायथ म्हणतात. ही नावे गमतीची असली तरी एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये: लिहिलेली रक्कम प्रत्येक पैजेची असते. ‘हाइन्झवर १०’ याचा अर्थ ५७० लावले असा होतो.

ईच-वे ही अशीच दुहेरी पैज आहे, एक भाग विजयावर आणि एक भाग पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर, म्हणजे ‘प्लेस’वर. १०/१ भावाच्या घोड्यावर ईच-वे १०० म्हणजे खर्च २००. प्लेसच्या भागाला पाचवा हिस्सा भाव देऊ केला असेल आणि घोडा दुसरा आला, तर विजयाचे १०० गेले, प्लेसचे १०० हे २/१ ने ३०० झाले, आणि निव्वळ नफा १०० उरला. पहिल्या क्रमांकावर दोघे बरोबरीने आले तर विजयाच्या भागाला डेड हीटचा नियम लागतो, ज्यात लावलेली रक्कम निम्मी धरून तिला पूर्ण भाव दिला जातो.

लावणे आणि घेणे

२००० साली बेटफेअर हे पैजांचे एक्सचेंज सुरू झाल्यानंतर बॅक आणि ले हे शब्द सामान्य वाचकापर्यंत पोचले. एक्सचेंजवर बुकी नसतो. एक ग्राहक दुसऱ्याशी पैज लावतो आणि एक्सचेंज जिंकणाऱ्याच्या निव्वळ नफ्यावर कमिशन घेते. बॅक करणारा ‘हे घडेल’ म्हणतो. ले करणारा ‘हे घडणार नाही’ म्हणतो, म्हणजे त्या पैजेपुरता तोच बुकी होतो. सट्टेबाजाराच्या मराठी-हिंदी बोलीतली लगाई आणि खाई ही जोडी याच जातीची. ले करताना पाहायचा आकडा म्हणजे लायबिलिटी. ५.०० भावाने १०० ले केले, तर जिंकल्यास १०० मिळतात आणि हरल्यास ४०० द्यावे लागतात. आधी चढ्या भावाने बॅक करून नंतर उतरत्या भावाने ले केल्यास, किंवा आधी ले करून नंतर उलट केल्यास, निकाल काहीही लागला तरी नफा बांधता येतो. पडद्यावरचे आकडे हिरवे होतात म्हणून याला ‘ग्रीन अप’ म्हणतात. बुकींच्या संकेतस्थळांवरचे ‘कॅश आउट’ हे बटण याचेच सोपे केलेले रूप आहे. तेथे देऊ केलेल्या रकमेतही बहुधा मार्जिन कापलेले असते, म्हणजे ते एकाच पैजेत दुसऱ्यांदा दिले जाते.

दोन वेगळ्या बुकींच्या भावांतील टक्केवारीची बेरीज १०० च्या खाली गेली तर आर्बिट्राज, थोडक्यात ‘आर्ब’, शक्य होतो. टेनिसच्या सामन्यात एकाकडे एका खेळाडूला २.१० आणि दुसऱ्याकडे प्रतिस्पर्ध्याला २.०५ भाव असेल तर बेरीज ९६.४ येते, पहिल्याकडे १०० आणि दुसऱ्याकडे १०२.४४ लावले की कोणीही जिंकला तरी २१० परत येतात. कागदावर हे निर्दोष दिसते. व्यवहारात मात्र भाव काही क्षणांत बदलतो, एखादा बुकी ‘पॅल्पेबल एरर’, म्हणजे उघड चूक, या कलमाखाली आपली बाजू रद्द करतो, किंवा ग्राहकाच्या पैजेवर क्षुल्लक मर्यादा घालतो. अशी मर्यादा घातलेल्या खात्याला ब्रिटिश बोलीत ‘गब्ड’ म्हणतात.

माणसांची आणि पैशांची टोपणनावे

अभ्यास करून मोठ्या रकमा लावणारा तो शार्प, हौशी आणि आवडत्या संघामागे धावणारा तो स्क्वेअर. ब्रिटनमध्ये याच हौशीला ‘मग पंटर’ (इंग्रजी ‘मग’ म्हणजे भोळसट) असे जरा अधिक तुसडेपणाने म्हटले जाते. फेव्हरिटला अमेरिकेत चॉक म्हणतात. बुकी फळ्यावर खडूने भाव लिहीत असत त्या काळातला हा शब्द आहे. जिंकण्याची शक्यता कमी असलेला तो अंडरडॉग, किंवा नुसता डॉग. अनेक बुकींकडे एकाच वेळी, एकाच दिशेने भाव वेगाने हलला की त्याला स्टीम म्हणतात. सामना सुरू होण्यापूर्वीचा शेवटचा भाव म्हणजे क्लोजिंग लाइन. एखाद्याने २.१० ने पैज लावली आणि बाजार १.९५ वर बंद झाला, तर त्याला बाजारापेक्षा चांगला भाव मिळाला, मग ती विशिष्ट पैज हरली तरी. माझ्या मते कोणाचेही कौशल्य जोखायचे असेल तर जिंकलेल्या पैजांची संख्या मोजण्याआधी हा फरक पाहावा. काही आठवड्यांच्या निकालांत नशिबाचा वाटा मोठा असतो.

रकमांच्या नावांत फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक. ब्रिटनमध्ये पोनी म्हणजे २५ पौंड, टन म्हणजे १००, मंकी म्हणजे ५००. अमेरिकी बोलीत निकेल म्हणजे ५०० डॉलर आणि डाइम म्हणजे १,०००, जरी खिशातल्या नाण्यांपैकी निकेल पाच सेंटचे आणि डाइम दहा सेंटचे असले तरी. ब्रिटनच्या रेसकोर्सवर टिक-टॅक नावाची हातवाऱ्यांची भाषा होती: पांढरे हातमोजे घातलेले लोक उंचावर उभे राहून एका बुकीचे भाव दुसऱ्याला हातांच्या खुणांनी कळवत. मनगटाला हात लावला की ५/४, खांद्याला लावला की ७/४, डोक्यावर ठेवला की ९/४. मोबाइल फोन आल्यावर ही माणसे दिसेनाशी झाली, पण अवयवांची नावे भाव म्हणून बोलीत उरली. ३/१ ला कार्पेट आणि ३३/१ ला डबल कार्पेट म्हणतात, तेही याच जगातले.

पैजेचा आकार सांगताना जाणकार रकमेऐवजी ‘युनिट’ वापरतात. एक युनिट म्हणजे सट्ट्यासाठी वेगळ्या काढलेल्या रकमेचा, बँकरोलचा, ठरावीक लहान भाग. बेल लॅब्जमधील जॉन केली यांनी १९५६ साली मांडलेल्या सूत्राने हा भाग किती असावा ते काढता येते. भाव २.१० असेल आणि खरी संधी ५० टक्के असेल तर केलीचे उत्तर बँकरोलच्या ४.५ टक्के येते. मात्र खरी संधी ५० ऐवजी ४७ टक्केच असेल, तर तेच सूत्र काहीही लावू नका असे सांगते. आपल्या अंदाजातल्या तीन टक्क्यांच्या चुकीवर सगळा डोलारा उभा असतो, हे सूत्राचे कौतुक करणाऱ्या लिखाणात सहसा आढळत नाही. हरलेले भरून काढण्यासाठी रकमा वाढवत जाणे म्हणजे चेसिंग, प्रत्येक हरीनंतर रक्कम दुप्पट करणे म्हणजे मार्टिंगेल, आणि चिडून भान सुटणे म्हणजे टिल्ट. स्वतःचे खाते ठरावीक काळासाठी स्वतःच बंद करून घेण्याच्या सोयीला सेल्फ-एक्स्क्लूजन म्हणतात.

अटी आणि टिपा

फुटबॉलच्या निकालावरची पैज, वेगळे लिहिलेले नसेल तर, ९० मिनिटे आणि त्यांना जोडलेला वाया गेलेला वेळ यांवर निकाली निघते. जादा वेळेत किंवा पेनल्टींवर जिंकलेला संघ तिच्या दृष्टीने बरोबरीत असतो. ‘टू क्वालिफाय’, म्हणजे पुढच्या फेरीत कोण जाईल, हा बाजार त्यासाठी वेगळा ठेवलेला असतो. ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द, रक्कम परत. ‘फ्री बेट’ जिंकली तर बहुधा केवळ नफा मिळतो, म्हणजे ३.०० भावाने १०० ची फ्री बेट जिंकल्यास ३०० नव्हे, २००. बोनसपुढे ‘१० पट रोलओव्हर’ लिहिले असेल तर १,००० चा बोनस काढून घेण्याआधी १०,००० च्या पैजा लावाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक पैजेत वर पाहिलेले मार्जिन असते.

टीप विकणाऱ्याला टाउट म्हणतात. ब्रिटिश वर्तमानपत्रांत शर्यतींच्या दिवसाची सर्वांत खात्रीची टीप ‘नॅप’ म्हणून छापतात. नेपोलियन नावाच्या पत्त्यांच्या खेळावरून हा शब्द आला. ‘लॉक’ म्हणजे हमखास जिंकणारी पैज, आणि हा शब्द वापरणाऱ्याकडे अधिकच सावधपणे पाहावे. टाउट आपला स्ट्राइक रेट, म्हणजे जिंकलेल्या टिपांचे प्रमाण, ठळक अक्षरांत सांगतो. अशा वेळी सरासरी भाव विचारावा आणि दोन्हींचा गुणाकार करावा. समजा, सर्व टिपांवर सारखीच रक्कम लावली असून ६० टक्के टिपा साधारण १.५५ भावाने बरोबर आल्या आहेत, तर ०.६० गुणिले १.५५ हे ०.९३ होतात, आणि या टिपांमागे लावलेल्या दर शंभरातले सात गेलेले असतात.